पिन बसली म्हणून उपकरण लावू नका: देशी-परदेशी प्लग आणि घरातली छोटी विजेची उपकरणं

बडोद्यात दांडिया बाजारापासून अलकापुरीपर्यंत कुठल्याही मराठी घरातलं माळ्याजवळचं कपाट उघडून बघा. न्यू जर्सीहून आलेला ब्लेंडर, लंडनहून आणलेली किटली, दुबईची इस्त्री, यांपैकी काहीतरी निघतंच. मुलं, भाचे, पुतणे बाहेर आहेत. येताना प्रेमानं वस्तू आणतात. वस्तूबरोबर बहुतेक वेळा एक ठोकळाही येतो. पुढून सगळ्या देशांच्या पिना घेणारा आणि मागून आपल्या बोर्डात बसणारा. "बसतेय ना पिन? मग लाव की!" असं म्हणून बटण दाबलं जातं आणि पुष्कळदा धूर तिथेच निघतो.

तो ठोकळा फक्त पिनेचा आकार बदलतो. भिंतीतून येणाऱ्या विजेत तो काहीही फरक करत नाही. म्हणून कुठलंही अनोळखी उपकरण हातात आलं की चार गोष्टी ठरलेल्या क्रमानं बघायच्या: आधी व्होल्ट, मग वॅट, मग अर्थिंग आणि सगळ्यात शेवटी पिन. आपण नेमकं उलटं करतो, पिनेपासून सुरुवात करतो. हा लेख त्या क्रमानंच लिहिला आहे आणि उपकरण लावतानाही तोच क्रम पाळावा.

पहिली पायरी: पाटी वाचा

प्रत्येक उपकरणाच्या तळाला, पाठीमागे किंवा चार्जरच्या अंगावर बारीक अक्षरांत माहिती छापलेली असते. अक्षरं फार बारीक असली तर मोबाइलनं फोटो काढून मोठा करा. तिथे 'इनपुट' या शब्दापुढचा आकडा शोधायचा. 'आउटपुट'चा आकडा आत्ता आपल्या कामाचा नाही.

इनपुटपुढे १००–२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं असेल तर ती वस्तू जगात जवळपास कुठेही चालते. मोबाइल आणि लॅपटॉपचे चार्जर, कॅमेऱ्याचे चार्जर, बरेचसे ट्रिमर या गटात येतात. २२०–२४० व्होल्ट असेल तर ती वस्तू भारत, ब्रिटन, युरोप, दुबई, ऑस्ट्रेलिया या बाजूंची. आपल्याकडे पुरवठा २३० व्होल्ट, ५० हर्ट्झ असल्यामुळे व्होल्टचा प्रश्न मिटला. नुसतं ११०, १२० किंवा १२५ दिसलं तर ती वस्तू अमेरिका-कॅनडाची, नुसतं १०० दिसलं तर बहुधा जपानची. अशी वस्तू आपल्या बोर्डात थेट लावायचीच नाही, पिन कितीही छान बसली तरी.

असं का, हे आकड्यांत बघा. २३० व्होल्ट म्हणजे १२० च्या दुपटीहून किंचित कमी. पण तापणाऱ्या तारेतली उष्णता व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, म्हणजे जवळजवळ पावणेचार पट होते. १००० वॅटचा अमेरिकन टोस्टर इथे लावला तर तो सुरुवातीला सुमारे ३,७०० वॅट खेचायला लागतो. हा भार साधारण १६ अँपिअरचा होतो, म्हणून १६ अँपिअरची एमसीबी (भार फार वाढला की आपोआप पडणारा मेन बोर्डातला खटका) तो लगेच तोडेलच असं नाही. आधी टोस्टरची तार जळते, प्लास्टिक वितळतं, कधी जवळचा पडदा पेटतो. "एमसीबी आहे की, काही झालं तर पडेल" हा भरवसा इथे कामाचा नाही.

काही हेअर ड्रायरना आणि प्रवासी इस्त्र्यांना १२५/२५० असं छोटं सरकबटण असतं. नाण्यानं किंवा स्क्रू ड्रायव्हरनं ते २५० वर वळवायचं, तेही पिन बोर्डात घालण्याआधी. परत जाणारा पाहुणा ते १२५ वर करून वस्तू इथेच विसरून गेला असेल, तर पुढच्याच्या हातात ती जळते. म्हणून हे बटण प्रत्येक वेळी बघावं.

आता १२० व्होल्टच्या वस्तूचं करायचं काय? स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घेता येतो. तो २३० चे ११० किंवा १२० व्होल्ट करून देतो. त्याची ताकद व्हीए मध्ये (व्होल्ट गुणिले अँपिअर) लिहिलेली असते. गरम होणाऱ्या वस्तूसाठी तिच्या वॅटच्या किमान सव्वापट, मोटारीच्या वस्तूसाठी निदान दुपटीचा घ्यावा, कारण मोटार सुरू होताना एकदम जास्त वीज खेचते. ६०० वॅटचा ब्लेंडर असेल तर १२०० व्हीएच्या खाली जाऊ नका. असा ट्रान्सफॉर्मर वजनदार असतो, थोडा गरम होतो, त्याला हवा लागते. ओट्याच्या कोपऱ्यात फडक्याखाली झाकून ठेवायची वस्तू ती नव्हे. खिशात मावणारा हलका कन्व्हर्टर '१६०० वॅट' लिहिलेला मिळतो. तो फक्त साध्या तापणाऱ्या वस्तूंसाठी आणि थोड्या वेळासाठी असतो. मोटार किंवा इलेक्ट्रॉनिक सर्किट असलेली वस्तू त्यावर लावू नये.

ट्रान्सफॉर्मर व्होल्ट बदलतो, पण हर्ट्झ, म्हणजे विजेची आवर्तनं सेकंदाला किती, ते बदलत नाही. अमेरिकेत ६० हर्ट्झ, आपल्याकडे ५०. वीजपुरवठ्याच्या हर्ट्झवर चालणारं जुनं घड्याळ इथे तासाला दहा मिनिटं मागे पडतं, काही मोटारी हळू फिरतात, आणि ६० हर्ट्झसाठी बनवलेला मायक्रोवेव्ह इथे जास्त तापतो. अमेरिकन मायक्रोवेव्ह इथे आणूच नये असं माझं स्पष्ट मत आहे. टोस्टर, किटली, कॉफी मेकर, केस सरळ करायची मशीन यांचंही तेच. ट्रान्सफॉर्मरच्या किमतीत तीच वस्तू इथल्या व्होल्टची, गॅरंटीसह मिळते. एखादा महागडा, दणकट कणीक मळायचा स्टँड मिक्सर असेल, तर त्याच्यासाठी ट्रान्सफॉर्मर घेणं मला पटतं.

दुसरी पायरी: वॅट आणि बोर्डाची ताकद

आपल्या भिंतीवर दोन मापांचे तीन पिनी पॉइंट असतात. छोटा ६ अँपिअरचा, मोठा १६ अँपिअरचा. मोठ्याला जुनी माणसं अजून 'पंधराचा पॉवर पॉइंट' म्हणतात. हिशेब साधा आहे: अँपिअर गुणिले २३०. छोट्या पॉइंटची मर्यादा १३८० वॅट, मोठ्याची ३६८० वॅट. पंखा, दिवा, टीव्ही, चार्जर, ५०० ते ७५० वॅटचा मिक्सर, साधी १००० वॅटची इस्त्री हे छोट्यावर चालतं. १५०० वॅटची किटली, १८०० ते २००० वॅटची इंडक्शन शेगडी, २००० वॅटचा गीझर किंवा हीटर, जोरदार वाफेची इस्त्री हे सगळं मोठ्या पॉइंटवरच. पाण्यात टाकायचा रॉड १००० चा असेल तर छोटा पॉइंट चालेल, १५०० चा असेल तर नाही.

इथे एका वस्तूबद्दल जरा कडक शब्दांत सांगतो. मोठ्या पिनेचा प्लग छोट्या पॉइंटमध्ये बसवून देणारा 'कन्व्हर्जन प्लग' विजेच्या प्रत्येक दुकानात मिळतो आणि निम्म्या घरांत तो वापरात असतो. मोठी पिन मोठी ठेवली आहे ती याच कारणासाठी, की जास्त वीज खेचणारी वस्तू बारीक तारेच्या पॉइंटमध्ये जाऊच नये. तो प्लग ही अडचण काढून टाकतो आणि २००० वॅटचा भार दिव्या-पंख्याच्या तारेवर येतो. तार भिंतीच्या आत तापते, आपल्याला दिसत नाही. स्वयंपाकघरात पॉवर पॉइंट कमी पडत असतील तर वायरमनकडून बोर्डापासून वेगळी २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची तार ओढून नवा १६ अँपिअरचा पॉइंट काढून घ्या. साध्या पॉइंटला आतून १ किंवा १.५ चौरस मिलिमीटरचीच तार असते, त्यामुळे नुसता पुढचा सॉकेट बदलून मोठा बसवणं म्हणजे कन्व्हर्जन प्लगच झाला.

लंडनहून आलेली किटली याचं उत्तम उदाहरण आहे. व्होल्ट जुळतात, २३० ला २३०. पण ती बहुधा ३००० वॅटपर्यंतची असते, म्हणजे १३ अँपिअर. ठोकळा लावून ती ६ अँपिअरच्या पॉइंटवर चालवली तर किटलीला काही होत नाही. पॉइंट मात्र तपकिरी पडत जातो. तिला मोठ्या पिनेचा १६ अँपिअरचा प्लग बसवून पॉवर पॉइंटवरच लावा.

एक्स्टेंशन बोर्डाबाबतीतही हीच गफलत होते. चार सॉकेट दिसतात म्हणून चौपट वीज मिळत नाही. चारही मिळून मर्यादा तीच, बहुतेक बोर्डांवर ६ अँपिअर. त्यावर चार्जर, राउटर, टेबल लॅम्प लावा. इस्त्री, हीटर, किटली लावू नका. गुंडाळलेल्या रिळाची तार असेल तर पूर्ण उलगडूनच वापरा, गुंडाळीत उष्णता कोंडते. आणि एका एक्स्टेंशनमध्ये दुसरं खुपसू नका.

तिसरी पायरी: अर्थिंग

उपकरणावर चौकोनात चौकोन अशी खूण दिसली, तर त्याला दुहेरी इन्सुलेशन आहे आणि अर्थिंग लागत नाही; त्याला बहुधा दोन पिनाच असतात. ट्रिमर, बरेच ड्रायर, हँड ब्लेंडर असे असतात. ही खूण नसेल आणि वस्तूचं अंग धातूचं असेल, म्हणजे इस्त्री, स्टीलची किटली, टोस्टर, ओव्हन, तर तिसरी पिन अनिवार्य आहे. आतली तार सैल होऊन अंगाला टेकली तर वीज त्या पिनेतून जमिनीत जावी आणि संरक्षण यंत्रणेनं पुरवठा तोडावा, एवढ्यासाठी ती असते.

नीट बघाल तर आपल्या प्लगची वरची पिन बाकी दोघींपेक्षा जाड आणि लांब असते. जाड अशासाठी की ती चुकूनही दुसऱ्या भोकात जाऊ नये. लांब अशासाठी की घालताना अर्थिंग आधी जुळावं आणि काढताना सर्वांत शेवटी सुटावं. ही पिन कापून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. कृपया असं करू नका आणि घरात कुणाला करू देऊ नका.

जर्मनीहून आलेल्या वस्तूंमध्ये एक न दिसणारा धोका असतो. त्यांचा जाड गोल प्लग दोन पिनांचा असतो, पिना आपल्या सॉकेटमध्ये जातात, वस्तू चालू होते. पण त्या प्लगचं अर्थिंग कडेच्या पत्र्याच्या पट्ट्यांत असतं आणि आपल्या सॉकेटमध्ये तिथे काहीच नसतं. म्हणजे धातूची इस्त्री अर्थिंगविना चालत राहते. सगळं ठीक चाललंय असं वाटत असतानाच धोका असतो, म्हणून अशा वस्तूचा प्लग बदलणं टाळू नका.

आता आपल्या बाजूचं बघू. रावपुरा, दांडिया बाजार, मांडवीकडच्या जुन्या वाड्यांत आणि चाळींत अनेक ठिकाणी दोनच तारांचं वायरिंग होतं. पुढे कधीतरी तीन भोकांचे सॉकेट बसले, पण वरच्या भोकाच्या मागे तारच नाही. काही ठिकाणी कुणीतरी ते भोक न्यूट्रलला, म्हणजे वीज परत नेणाऱ्या तारेला, जोडून ठेवलेलं असतं. हे फार वाईट. न्यूट्रल कुठेही तुटला की इस्त्रीच्या, फ्रिजच्या अंगावर पूर्ण २३० व्होल्ट येतात. नळाच्या पाइपला बांधलेल्या अर्थिंगचाही आता भरवसा नाही, कारण मधले पाइप प्लास्टिकचे झालेले असतात. टेस्टरचा दिवा लागला म्हणजे फेज (वीज आणणारी जिवंत तार) आहे एवढंच कळतं, अर्थिंग आहे की नाही हे त्यावरून कळत नाही. परवानाधारक वायरमनला बोलावून, "काका, प्रत्येक पॉइंटचं अर्थिंग मीटर लावून दाखवा" असं स्पष्ट सांगा. मीटरच्या अलीकडचं, घरातलं वायरिंग ही मध्य गुजरात वीज कंपनीची नव्हे, आपली जबाबदारी असते.

त्याच दिवशी मेन बोर्डात ३० मिलिअँपिअरची आरसीसीबी आहे का तेही बघा. एमसीबी तारेला वाचवते, आरसीसीबी माणसाला. वीज जाते तेवढीच परत येते की वाटेत कुणाच्या अंगातून गळते, हे ती मोजते आणि क्षणात तोडते. तिच्यावरचं टेस्टचं बटण महिन्यातून एकदा दाबा. दाबल्यावर खटका पडला नाही तर ती बदलायला झाली.

चौथी पायरी: पिन

इथवर सगळं जुळलं असेल तरच पिनेकडे या. सर्वांत सोपा मार्ग पुष्कळ जणांना सुचत नाही. लॅपटॉप, मॉनिटर, प्रिंटर, काही ट्रिमर यांची दोरी उपकरणातून निघून येते. पाटीवर १००–२४० असेल तर ठोकळा नकोच. त्याच टोकाची, इकडच्या पिनेची आयएसआय खुणेची दोरी विकत घ्या. पैसे थोडे लागतात आणि काम पक्कं होतं.

दोरी निघत नसेल तर प्लग बदलायचा. हे काम जपून केलं तर घरीही होतं. हात थरथरत असेल किंवा रंग ओळखू येत नसतील तर वायरमनला द्या. उपकरण भिंतीपासून पूर्ण सुटं करा. जुना प्लग कापा आणि तो लगेच, मुलांच्या हाती लागणार नाही असा टाकून द्या, कारण तारेचं शेपूट असलेला कापलेला प्लग कुणी सॉकेटमध्ये घातला तर तो थेट जिवंत होतो. बाहेरचं आवरण साधारण चार सेंटिमीटर सोला, आतल्या तारा टोकाला एक सेंटिमीटर सोला, तांब्याचे बारीक धागे एकत्र पिळून घ्या. स्क्रूखाली जाणाऱ्या टोकांना सोल्डर लावू नका. ते दाबाखाली हळूहळू चपटं होतं आणि जोड सैल पडतो.

रंग असे: तपकिरी फेज, निळी न्यूट्रल, हिरवी-पिवळी अर्थिंग. जुन्या भारतीय दोऱ्यांत लाल फेज, काळी न्यूट्रल, हिरवी अर्थिंग. अमेरिकन दोरीत मात्र काळी तार फेजची आणि पांढरी न्यूट्रलची असते. आपल्या सवयीनं काळी न्यूट्रलला लावली तर सगळं उलटं होतं, त्यामुळे इथे थांबून विचार करा. भारतीय सॉकेटकडे तोंड करून बघितलं तर वर अर्थिंग, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल. प्लगच्या आत एल, एन आणि ई ही इंग्रजी अक्षरं कोरलेली असतात, ती पाळा. अर्थिंगची तार बाकी दोघींपेक्षा थोडी लांब ठेवा, म्हणजे दोरी ओढली गेली तरी ती सर्वांत शेवटी सुटेल. दोरी धरणारी पट्टी आवरणावर घट्ट बसवा, सुट्या तारांवर नव्हे. झाकण लावण्याआधी प्रत्येक तार हलकेच ओढून बघा. ब्रिटिश प्लगमध्ये स्वतःचा फ्यूज असतो, ३ किंवा १३ अँपिअरचा. तो आपण प्लगबरोबर काढून टाकतो, म्हणून बारीक दोरीच्या ब्रिटिश दिव्यासारख्या वस्तू ६ अँपिअरच्या पॉइंटवरच लावाव्यात.

युरोपातल्या चार्जरच्या बारीक पिना ४ मिलिमीटरच्या, आपली छोटी भोकं ५ मिलिमीटरच्या पिनेची. म्हणून त्या हलतात, चर्र आवाज येतो, ठिणगी दिसते. सैल जोड तापतोच. दोन पिनांसाठी वेगळी भोकं असलेला पाच भोकांचा चांगला सॉकेट बसवून घ्या. आणि झडप असलेल्या सॉकेटमध्ये दोन पिनी प्लग घालण्यासाठी वरच्या भोकात पेन, काडी किंवा स्क्रू ड्रायव्हर घालायची सवय आजच सोडा. लहान मुलं हे बघतात आणि पुढच्या वेळी खालच्या भोकात खिळा घालून बघतात.

प्लग, सॉकेट, इस्त्री, रॉड घेताना आयएसआय खूण आणि तिच्याखालचा परवाना क्रमांक बघा. 'बीआयएस केअर' ॲपमध्ये तो क्रमांक टाकून खरा की खोटा कळतं. आपल्याच शहरात मकरपुऱ्याला 'एर्डा' ही १९७४ मध्ये स्थापन झालेली संस्था विजेच्या सामानाच्या चाचण्या घेते. चाचणी झालेला माल आणि मंगळ बाजारातल्या ढिगातला बिनखुणेचा प्लग यांच्या किमतीत फरक किरकोळ असतो.

इकडून बाहेर जाताना

मुलगी टोरांटोला किंवा शिकागोला निघाली असेल तर इथला २३० व्होल्टचा मिक्सर बॅगेत भरू नका. तिकडे ११०–१२० व्होल्टचे भारतीय पद्धतीचे मिक्सर मिळतात, इथूनही त्याच व्होल्टचे घेता येतात. इथली १५०० वॅटची किटली तिकडे जेमतेम ४०० वॅटवर चालेल, चहाचं पाणी उकळायला बराच वेळ जाईल. ब्रिटन, जर्मनी, दुबई, ऑस्ट्रेलियात मिक्सर चालेल. पण अर्थिंग असलेला, त्या देशाच्या पिनेचा ॲडॉप्टरच घ्या, आणि वसतिगृहात स्वयंपाकाची उपकरणं चालतात का ते आधी विचारा. पाटीवर १००–२४० असलेले चार्जर सगळीकडे चालतात.

पाणी आणि पावसाळा

ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्रीचं पाणी समा, फतेहगंज, अकोटा भागांत घरांत शिरलं तेव्हा अनेकांनी पाणी ओसरताच फ्रिज आणि मिक्सर सुरू करून बघितले. तसं करू नये. पाणी चढायला लागलं आणि मेन स्विचपर्यंत कोरड्या पायांनी जाता येत असेल तर तो बंद करा; पाण्यात उभं राहून त्याला हात लावू नका, वीज कंपनीला कळवा. पाणी गेल्यावर बुडालेले सॉकेट, एमसीबी आणि एक्स्टेंशन बोर्ड वाळवून पुन्हा वापरू नका, बदला. आत गाळ आणि क्षार राहतात. मिक्सर, इस्त्री उघडून साफ करून, वाळवून, मिस्त्रीनं इन्सुलेशन मेगरवर (वीज कुठे गळते का ते दाखवणाऱ्या मीटरवर) तपासलं की मगच लावा. वायरिंग तपासून झाल्यावर मेन चालू करताना सगळी उपकरणं सुटी ठेवा, आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबून बघा आणि एकेक सर्किट वर करा. ज्या सर्किटला ती पडेल, ते वायरमन येईपर्यंत बंदच ठेवा.

गणपतीच्या मखराच्या माळांनाही हेच लागू आहे. तारेची उघडी टोकं आगपेटीच्या काड्यांनी सॉकेटमध्ये अडकवू नका. माळेला दोन पिनी प्लग लावून घ्या, जोड आरतीच्या तबकापासून, पाण्याच्या कलशापासून आणि कापडापासून लांब, जमिनीपासून वर ठेवा आणि रात्री झोपताना बटण बंद करून प्लगही काढून ठेवा.